घराण्याची प्रेमकथा-मालिका वाचायची कशी: मॅकग्रेगर कुटुंबाच्या अकरा कथांचा क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

एका घराण्यावर वर्षानुवर्षं लिहिल्या गेलेल्या प्रेमकथा-मालिकेतलं एखादं पुस्तक आपण सुटं समजून उचलतो आणि तिथेच फसगत होते. नायक-नायिकेची गोष्ट कळते, कारण लेखिकेने ती कळेल अशीच लिहिलेली असते. मग मध्येच सगळं कुटुंब जेवायला जमतं. दहा-बारा माणसं एकमेकांची खोड काढत असतात, जुन्या गोष्टींचे दाखले देत असतात आणि आपली अवस्था लग्नघरी उशिरा पोहोचलेल्या परक्या पाहुण्यासारखी होते. मग ती पानं भराभर उलटली जातात आणि शेवटी 'ठीक आहे' म्हणून पुस्तक कपाटात जातं.

वाचकाने उलटून टाकलेल्या त्या पानांतच अशा मालिकेचा खरा आनंद असतो. जोडपं दर पुस्तकात नवं असतं, पण कुटुंब तेच राहतं. म्हणून आधी कुटुंब ओळखीचं करून घ्यायचं आणि मग प्रेमकथेत शिरायचं. ते कसं, हे इथे अमेरिकन लेखिका नोरा रॉबर्ट्स यांच्या मॅकग्रेगर मालिकेवरून दाखवलं आहे. १९८५ ते १९९९ या काळातल्या या अकरा कथांमध्ये अशा मालिकांतले जवळजवळ सगळे खाचखळगे सापडतात, त्यामुळे हेच टप्पे दुसऱ्या घराण्याच्या मालिकेलाही लावता येतील.

टप्पा १ : पुस्तक शोधण्याआधी क्रम ठरवा

प्रकाशनाचा क्रम असा आहे:

१. प्लेइंग द ऑड्स (१९८५)
२. टेम्प्टिंग फेट (१९८५)
३. ऑल द पॉसिबिलिटीज (१९८५)
४. वन मॅन्स आर्ट (१९८५)
५. फॉर नाऊ, फॉरएव्हर (१९८७)
६. रिबेलियन (१९८८)
७. इन फ्रॉम द कोल्ड (१९९०)
८. द मॅकग्रेगर ब्राइड्स (१९९७)
९. द विनिंग हँड (१९९८)
१०. द मॅकग्रेगर ग्रूम्स (१९९८)
११. द परफेक्ट नेबर (१९९९)

यातली सहावी आणि सातवी कथा बाजूला ठेवा. त्या अठराव्या शतकात घडतात, त्यांचं पुढे बघू. उरलेल्या नऊ याच क्रमाने वाचायच्या.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कथेतल्या काळाप्रमाणे क्रम लावणं. त्या हिशोबाने 'रिबेलियन' पहिलं येतं, कारण ते १७४५च्या सुमाराचं आहे, आणि आई-वडिलांच्या तरुणपणाची 'फॉर नाऊ, फॉरएव्हर' मुलांच्या गोष्टींआधी येते. कागदावर हे नीटनेटकं दिसतं, वाचताना मात्र पुस्तकाची चव जाते. 'फॉर नाऊ, फॉरएव्हर'ची सुरुवात इस्पितळात होते. अपघातात जखमी झालेला डॅनियल मॅकग्रेगर आत आहे, त्याची बायको अ‍ॅना बाहेर थांबली आहे, मुलं-सुना-जावई धावत येतात आणि अ‍ॅनाला जुने दिवस आठवू लागतात. आधीच्या चार पुस्तकांत या म्हाताऱ्याचा गडगडाट ऐकलेला असेल, तर तो अंथरुणावर निपचित पडलाय हे वाचून पोटात कालवतं. हेच पुस्तक पहिलं वाचलं तर तो कुणीतरी अनोळखी रुग्ण असतो आणि धावत आलेल्या माणसांचं तुम्हाला काही वाटत नाही.

वयाच्या क्रमाचंही तसंच. डॅनियल-अ‍ॅनाच्या मुलांत अ‍ॅलन थोरला, केन मधला आणि सेरेना धाकटी. पुस्तकं मात्र बरोबर उलटी येतात: आधी धाकटीचं, मग मधल्याचं, मग थोरल्याचं. थोरल्यापासून सुरू करण्याचा मोह टाळा. अ‍ॅलनच्या पुस्तकात शिराल तेव्हा सेरेना आणि केन आपापल्या जोडीदारांसह त्या घरात आधीच रुळलेले असतात.

टप्पा २ : प्रत हातात घेऊन तपासा

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि त्यांच्या आवृत्त्या बऱ्याच निघाल्या. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा जुन्या वाचनालयांच्या विक्रीत शोधत असाल तर कव्हरवर विश्वास ठेवू नका.

पुढे या कथा दोन-दोन एकत्र करून नव्या नावांनी विकल्या गेल्या. 'सेरेना-केन' या जोडखंडात पहिली आणि दुसरी कादंबरी आहे, 'अ‍ॅलन-ग्रँट'मध्ये तिसरी आणि चौथी, 'रॉबर्ट-सिबिल'मध्ये 'द विनिंग हँड' आणि 'द परफेक्ट नेबर'. नाव वेगळं दिसलं म्हणून तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेणारे कितीतरी वाचक आहेत.

*सावधान:* 'डॅनियल-इयन' या जोडखंडात 'फॉर नाऊ, फॉरएव्हर'ला लागूनच 'इन फ्रॉम द कोल्ड' येते. दोन कथांमध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे. पहिली संपली की खंड मिटा.

*तपासून पाहा:*
– सुरुवातीच्या कॉपीराइटच्या पानावर मूळ नाव आणि मूळ साल काय आहे? ते वरच्या यादीशी जुळवा.
– जुन्या प्रतीची शेवटची पानं शाबूत आहेत का? फक्त पानांचे आकडे बघा, मजकूर वाचू नका.
– मागच्या कव्हरवरचा मजकूर पहिल्या दोन ओळींपलीकडे वाचू नका. पुढच्या पुस्तकांची कव्हरं मागच्या पुस्तकांतली गुपितं बिनदिक्कत सांगतात.

टप्पा ३ : एका कागदावर घराणं मांडा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे अडकतात. वीस मिनिटं द्या. कागद वहीच्या पानाएवढा हवा, घडी घालून पुस्तकातच राहील असा.

सर्वांत वर डॅनियल आणि अ‍ॅना. डॅनियल स्कॉटलंडहून अमेरिकेत येऊन बडा धनिक झालेला, आणि त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस पोर्टला गढीसारखं दगडी घर बांधलंय. अ‍ॅना शल्यविशारद. खाली तीन मुलं: अ‍ॅलन, केन, सेरेना.

आता दुसरं घर, ब्लेड. जस्टिन आणि डायना हे भाऊ-बहीण, कोमांची या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या वंशाचे. सेरेनाची जोडी जस्टिनशी आणि केनची डायनाशी. म्हणजे सरळसरळ साटंलोटं. याच कारणाने पुढच्या पिढीची नाती दुहेरी होतात.

तिसरं घर कॅम्पबेल. शेल्बी आणि ग्रँट हे भाऊ-बहीण. शेल्बीची जोडी अ‍ॅलनशी. ग्रँटची जोडी चित्रकार जेनी ग्रँडोशी, आणि ही जेनी ब्लेड भावंडांच्या नात्यातली. अशी तिन्ही घरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

नाती मराठीतच लिहा. इंग्रजीत सगळी पोरं एकमेकांची कझिन, त्यामुळे काही उलगडत नाही. सेरेनाच्या मुलाला केनची मुलगी मामेबहीण लागते आणि डायनाकडून तीच आतेबहीणही लागते. डायना त्याची आत्याही आणि मामीही. हे एकदा कागदावर दिसलं की घरातल्या थट्टामस्करीत कोण कुणावर कोणत्या हक्काने बोलतंय ते आपोआप कळतं.

प्रत्येक नावापुढे हाक मारायचं नाव लिहा. सेरेनाला घरात रेना म्हणतात. जेनीचं पूर्ण नाव जेनेव्हिव्ह. पुढच्या पिढीतला रॉबर्ट म्हणजे मॅक, आणि डॅनियल कॅम्पबेल मॅकग्रेगर म्हणजे डी. सी. एकच माणूस दोन नावांनी आला की दोन माणसं समजण्याची चूक पहिल्या पन्नास पानांत हमखास होते.

कुणाचं कुणाशी जमतं हे आधीच लिहिलं तर मजा जाईल, अशी शंका येईल. जाणार नाही. या प्रकारात जोडी कोणती हे पुस्तकाच्या कव्हरवरच कळतं, आणि शेवट सुखाचा होणार हा लेखिकेचा वाचकाशी असलेला करार असतो. उत्सुकता असते ती ही दोन माणसं तिथवर कशी पोहोचतात याची. नातवंडांची नावं मात्र आत्ता लिहू नका, त्यांच्यासाठी कागदाची मागची बाजू कोरी सोडा.

*तपासून पाहा:* कागद झाकून तीन घरांतली भावंडांची नावं सांगता येतात का? येत नसतील तर पुस्तक उघडायला एक दिवस थांबा.

टप्पा ४ : पुस्तकापुरती पूर्वतयारी

सगळं शोधत बसायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात.

*ब्लॅकजॅक.* 'प्लेइंग द ऑड्स'मधली सेरेना प्रवासी जहाजावरच्या कसिनोत पत्ते वाटते आणि जस्टिन तिच्या टेबलावर खेळायला बसतो. दोघांची पहिली झटापट पत्त्यांवरच होते, म्हणून खेळ कळायला हवा. पत्त्यांची बेरीज २१च्या जास्तीत जास्त जवळ न्यायची, २१ ओलांडले की डाव गेला. राजा, राणी, गुलाम यांचे दहा. एक्का एक किंवा अकरा. पत्ते वाटणाऱ्याने कधी पान घ्यायचं आणि कधी थांबायचं हे नियमाने बांधलेलं असतं, खेळणाऱ्याला मात्र निवड असते. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला नियमाने हात बांधलेली ती आणि दुसऱ्या बाजूला मोकळा तो. हा असमतोल लक्षात ठेवून ते प्रसंग वाचा.

*मॅकग्रेगर आणि कॅम्पबेल.* स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर हे नाव लावायलाच १६०३मध्ये बंदी घातली गेली. बंदी मधल्या काळात उठली, पुन्हा आली आणि कायमची जायला १७७४ उजाडलं. त्या छळात कॅम्पबेल घराण्याचा हात होता. त्यामुळे 'ऑल द पॉसिबिलिटीज'मध्ये थोरला मुलगा कॅम्पबेल मुलीच्या प्रेमात पडतो तेव्हा डॅनियल जो आरडाओरडा करतो, त्याला जवळजवळ चारशे वर्षांची मुळं आहेत. हे माहीत नसेल तर तो नुसता तऱ्हेवाईक म्हातारा वाटतो.

*१९८५ हे साल.* मोबाइल नाहीत. फोन वाजला नाही म्हणजे खरंच काही कळायचा मार्ग नाही, आणि गैरसमज आठवडाभर टिकतो. नायक आजच्या मानाने फार मागे लागणारे आहेत. नकार ऐकूनही हटत नाहीत, परवानगी न घेता जवळ येतात. जस्टिनच्या कोमांची वंशाबद्दलचं वर्णनही त्या काळच्या नजरेतून आलेलं आहे. जिथे खटकेल तिथे खटकू द्या, पानाच्या कडेला खूण करा आणि नायिका त्याला काय उत्तर देते ते नीट वाचा. सेरेना, डायना, शेल्बी यांच्यातली कुणीही गप्प बसणारी नाही, आणि त्यांचं उत्तर हेच त्या प्रसंगाचं वजन आहे.

टप्पा ५ : पहिली तीन प्रकरणं सावकाश

साधारण अडीचशे पानांच्या कादंबरीत पहिल्या तीन प्रकरणांत सगळा डाव मांडून होतो. इथे घाई केली तर पुढे 'ही दोघं उगाच भांडतायत' असं वाटत राहतं.

वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवा: तिला काय अडवतंय? त्याला काय अडवतंय? उत्तर प्रत्येकी एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. उदाहरणार्थ शेल्बी. तिचे वडील सेनेटर होते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात त्यांची हत्या झाली. अ‍ॅलनही सेनेटर, आणि त्याच वाटेने निघालेला. आता तिचा नकार हा नखरा वाटणार नाही, त्यामागची भीती दिसेल.

क्रमाचा फायदा इथेही होतो. 'वन मॅन्स आर्ट'मधला ग्रँट मेन राज्याच्या किनाऱ्यावर एका दीपगृहात एकटा राहतो आणि दारात आलेल्या माणसाशी फटकून वागतो. तो शेल्बीचा भाऊ आहे. बहिणीचं पुस्तक वाचलेलं असेल तर त्याचं तुसडेपण तुम्हाला त्याने तोंड उघडण्याआधीच कळलेलं असतं. जेनीला मात्र ते माहीत नसतं. वाचकाला माहीत आणि नायिकेला नाही, या ताणावर ते पुस्तक उभं आहे. मालिकेतलं हे मला सगळ्यांत आवडणारं पुस्तक, आणि सुटं वाचणाऱ्याला ते निम्मंच मिळतं.

*सावधान:* नोरा रॉबर्ट्स एकाच प्रसंगात नजर बदलतात. एका परिच्छेदात आपण तिच्या मनात असतो, पुढच्यात त्याच्या. नवखा वाचक इथे गोंधळतो आणि त्याचे विचार तिच्या खात्यावर लावतो. पहिल्या दोन प्रकरणांत जिथे नजर सरकते तिथे पेन्सिलीने छोटी रेघ मारा. पुढे सवय होते.

इंग्रजी वाचनाचा सराव कमी असेल तर प्रत्येक अडलेला शब्द शोधू नका. जो शब्द तिसऱ्यांदा आडवा येईल तेवढाच बघा. कपडे, फर्निचर आणि खाद्यपदार्थांचे शब्द सोडून दिले तरी चालतं. मनःस्थितीचे शब्द सोडू नका.

टप्पा ६ : कुटुंबाची पानं कधीही उलटू नका

बहुतेक पुस्तकांत केव्हातरी नवी व्यक्ती हायॅनिस पोर्टच्या घरात पाऊल टाकते. हा प्रसंग आला की पुस्तक मिटा, तिसऱ्या टप्प्यातला कागद काढा आणि मग पुढे वाचा. बस किंवा लोकलमध्ये असाल तर ही पानं घरी जाऊन वाचण्यासाठी राखून ठेवा.

डॅनियल बोलतो तेव्हा तो काय विचारतोय आणि काय मुद्दाम विचारत नाही, दोन्ही बघा. मुलांची आणि पुढे नातवंडांची लग्नं जमवणं हा त्याचा ध्यास आहे, आणि त्याचं बोलणं क्वचितच सरळ असतं. आवाज मोठा, पण चाल गुपचूप. बायकोपासून सिगार लपवणं, आपल्याऐवजी 'तुझ्या आईला काळजी वाटते' असं सांगणं, हे सगळं पुस्तकामागून पुस्तक येत राहतं आणि दर वेळी थोडं बदलतं. अ‍ॅना कमी बोलते. तिची वाक्यं हळू वाचा, कारण घरात काय घडतंय हे बहुतेक वेळा तिलाच सर्वांत आधी कळलेलं असतं.

आधीच्या जोडप्यांकडेही लक्ष द्या. त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात: कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नजरेनेच गप्प केलं. त्यांची संपलेली गोष्ट त्या ओळींत पुढे चालू असते.

शृंगाराचे प्रसंग ज्यांना अवघड वाटतात त्यांनी ते खुशाल ओलांडावेत, पण त्यांच्या आधीचं आणि नंतरचं एक पान वाचावं. मनं उघडणारी बोलणी तिथे असतात.

*तपासून पाहा:* पुस्तक संपल्यावर कुटुंबातल्या एका तरी दुय्यम माणसाबद्दल नवी गोष्ट सांगता येते का? येत नसेल तर तो जेवणाचा किंवा भेटीचा प्रसंग पुन्हा वाचा.

टप्पा ७ : दोन पुस्तकांत अंतर ठेवा

एका बैठकीत एक पुस्तक वाचायला हरकत नाही. एका दमात चार वाचू नका. भेट, ओढ, अडथळा, ताटातूट, समेट हा सांगाडा सगळ्यांचा सारखाच असतो. सलग वाचलं की सांगाडाच दिसू लागतो आणि मग 'सगळी एकसारखीच' अशी तक्रार सुरू होते. मध्ये आठवडाभर दुसरं काहीतरी वाचा.

पाचवं पुस्तक संपल्यावर जास्त दिवस थांबा. त्यानंतर पिढी बदलते.

टप्पा ८ : नातवंडांकडे जाताना

आता कागदाची मागची बाजू भरा. अ‍ॅलन-शेल्बीची डी. सी. आणि ज्युलिया. केन-डायनाची लॉरा आणि इयन. सेरेना-जस्टिनची मॅक, डंकन, ग्वेन आणि मेल. ग्रँट-जेनीच्या मुलांपैकी सिबिल लक्षात ठेवा, शेवटचं पुस्तक तिचं आहे.

*सावधान:* वयांचा हिशोब मांडू नका. पहिली पुस्तकं १९८५ची आणि 'ब्राइड्स' १९९७चं, पण दरम्यान नातवंडं लग्नाच्या वयाची झालेली असतात आणि डॅनियल नव्वदीला टेकलेला असतो. कथेतला काळ प्रकाशनापेक्षा कितीतरी वेगाने धावला आहे. साल-महिने जुळवत बसलात तर चिडचिड होईल. पिढी बदलली एवढंच धरून चाला.

'ब्राइड्स'मध्ये लॉरा, ग्वेन, ज्युलिया आणि 'ग्रूम्स'मध्ये डी. सी., डंकन, इयन अशा तीन-तीन छोट्या कथा आहेत, आणि त्यांना जोडणारं डॅनियलचं स्वतःचं निवेदन. एका वेळी एकच कथा वाचा. निवेदनाची पानं प्रस्तावना समजून सोडून देण्याची चूक फार जण करतात. इतकी वर्षं बाहेरून पाहिलेला माणूस तिथे पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून मनातलं बोलतो.

'द विनिंग हँड' मॅकचं आहे. तो वडिलांसारखाच कसिनोच्या धंद्यात, लास व्हेगासमध्ये. ते वाचण्याआधी 'प्लेइंग द ऑड्स'चं पहिलं प्रकरण पुन्हा चाळा. आई-वडिलांची पहिली भेट पत्त्यांच्या टेबलावर झाली होती हे डोक्यात ताजं असलं की मॅकच्या कसिनोतला प्रत्येक प्रसंग वेगळाच लागतो.

टप्पा ९ : बाजूला ठेवलेल्या दोन कथा

'द परफेक्ट नेबर' झाल्यावर 'रिबेलियन' आणि मग 'इन फ्रॉम द कोल्ड' घ्या. पहिली १७४५च्या जॅकोबाइट उठावाची, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या बंडाची, जे १६ एप्रिल १७४६ला स्कॉटलंडमध्ये कलोडनच्या रणांगणावर चिरडलं गेलं. दुसरी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावरची. डॅनियल ज्या पूर्वजांच्या नावाने छाती फुगवतो ते इथे प्रत्यक्ष भेटतात. त्याच्या बढाया आधी ऐकलेल्या असल्या की पूर्वजांची गोष्ट जास्त भिडते, म्हणून त्या शेवटी.

इथे जुना कागद वापरू नका, नवा घ्या. 'रिबेलियन'च्या नायिकेचं नावही सेरेना मॅकग्रेगरच आहे आणि 'इन फ्रॉम द कोल्ड'चा नायकही इयन मॅकग्रेगरच. नव्या कागदावर या दोन नावांपुढे ठळक अक्षरांत 'अठरावं शतक' असं लिहा आणि मगच पहिलं पान उघडा.